दारापलीकडचा माणूस : झॉम्बीपट आणि आपद्धर्माची मर्यादा

मेलेले शरीर पुन्हा उठून चालू लागते, त्याला स्वतःची ओळख उरलेली नसते, जिवंत माणसाचे मांस खाण्यापलीकडे त्याला कोणतीही प्रेरणा नसते आणि ज्याला ते चावते तोही काही वेळाने त्याच्यासारखाच होतो, एवढ्या चार अटींवर झॉम्बीपट नावाचा चित्रपटप्रकार उभा आहे. या अटी भीती उत्पन्न करतात हे खरे. परंतु या प्रकारातले जे चित्रपट टिकून राहिले, त्यांत पडद्यावरचा बहुतेक वेळ प्रेतांशी लढण्यात जात नाही. एखाद्या घरात, दुकानात, रेल्वेच्या डब्यात किंवा लष्करी तळावर कोंडल्या गेलेल्या जिवंत माणसांच्या आपसांतल्या वादात तो जातो, आणि हा वाद दार कोणासाठी उघडायचे, उरलेले अन्न कोणाच्या ताब्यात ठेवायचे, चावा झालेल्या आप्ताला किती वेळ माणूस मानायचे याच प्रश्नांभोवती फिरत राहतो. धर्मशास्त्राला हा वाद अपरिचित नाही. एरवी निषिद्ध असलेले आचरण प्राणसंकटात क्षम्य ठरवणाऱ्या नियमांना आपद्धर्म म्हणतात, आणि महाभारताच्या शांतिपर्वात त्यांच्यासाठी एक स्वतंत्र उपपर्वच राखून ठेवलेले आहे. सवलत द्यायची की नाही हा त्यातला सोपा भाग आहे. ती कुठे संपते आणि तिची किंमत कोण मोजतो हा अवघड भाग होय, आणि झॉम्बीपट नेमका तिथेच सुरू होतो.

झॉम्बीची कल्पना मुळात हैतीतली. फ्रेंचांच्या सेंट-डोमिंगो वसाहतीत उसाच्या मळ्यांवर राबवल्या जाणाऱ्या आफ्रिकी गुलामांना मृत्यू ही एकमेव सुटका वाटत असे, आणि मेल्यानंतरही कोणी मांत्रिक आपले शरीर उठवून पुन्हा मळ्यावर जुंपील ही त्यांच्या वंशजांमधली सर्वांत मोठी धास्ती होती. या मूळ रूपात झॉम्बी कोणाला खात नाही. तो खाल्ला गेलेला माणूस आहे. १९३२ सालच्या ‘व्हाइट झॉम्बी’ या अमेरिकी चित्रपटापर्यंत हा अर्थ बऱ्याच अंशी शाबूत होता. जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने तो उलटा केला: गुलामाची जागा भक्षकांच्या झुंडीने घेतली आणि सहानुभूती कोंडलेल्यांकडे गेली. या चित्रपटात पेनसिल्व्हेनियातील एका शेतघरात सात माणसे अडकतात. बेन नावाचा कृष्णवर्णीय तरुण खिडक्यांना फळ्या ठोकून तळमजल्यावरच टिकाव धरण्याचा आग्रह धरतो, तर हॅरी कूपर नावाचा गोरा गृहस्थ आपल्या जखमी मुलीला घेऊन तळघरात दार लावून बसण्याचा. वाद इतका विकोपाला जातो की अखेर बेनच्या गोळीने हॅरी मरतो. पुढे बेनला त्याच तळघराचा आश्रय घ्यावा लागतो, म्हणजे युक्तिवादापुरते हॅरीचे बरोबर होते, आणि रात्र सरल्यावर प्रेतांचा बंदोबस्त करत आलेली सशस्त्र टोळी खिडकीशी उभ्या असलेल्या बेनला लांबूनच प्रेत समजून गोळी घालते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या वर्षी प्रदर्शित झालेल्या चित्रपटात हा शेवट काय सुचवत होता, हे अमेरिकी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नसेल.

तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने मात्र या शेवटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जे मेलेलेच आहे त्याला मारण्यात हिंसा नाही, ही परवानगी चित्रपट आरंभी निःशंकपणे देतो आणि प्रेक्षकही ती निःशंकपणे घेतो. पुढे ती परवानगी हळूहळू सरकते: प्रथम चावा झालेल्यांकडे, मग चावा झाला असावा अशा संशयितांकडे, मग वाटेत आडव्या येणाऱ्या निरोगी माणसांकडे आणि शेवटी नुसत्या दुरून दिसलेल्या आकृतीकडे. संसर्ग दोन आहेत, एक दाताने पसरणारा आणि दुसरा सवलतीने पसरणारा, आणि दुसऱ्याला अटकाव करणारी कोणतीही लस या प्रकारातल्या पटकथांना सापडलेली नाही. दक्षिण कोरियाच्या ‘ट्रेन टू बुसान’मध्ये (२०१६) झॉम्बींनी भरलेले डबे ओलांडून जिवावर उदार होऊन आलेल्या मूठभर माणसांना सुरक्षित डब्यातले प्रवासी आत घ्यायला तयार नसतात, आणि आत आल्यावर पुन्हा वेगळ्या जागेत हाकलतात, तेव्हा त्यांपैकी कोणालाही चावा झालेला नसतो. त्यांचा दोष एवढाच, की ते दाराच्या त्या बाजूने आले.

ही चर्चा पॉइंट कुकच्या संदर्भात करण्याला कारण आहे. मेलबर्नच्या नैर्ऋत्येस पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी वसलेले, बुनुरोंग या मूलनिवासी समाजाच्या भूमीवरचे हे उपनगर विंडहॅम महापालिकेच्या हद्दीत येते. १९१४ साली ऑस्ट्रेलियाच्या लष्करी विमानविद्येचा आरंभ जिथे झाला तो हवाई तळ, जुन्या मिठागरांच्या जागी राखलेली चीतम पाणथळ भूमी आणि त्यांच्या मागे गेल्या दोन-अडीच दशकांत उभ्या राहिलेल्या एकसारख्या घरांच्या वसाहती, असे त्याचे आजचे रूप आहे. २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ६६ हजारांवर गेली होती आणि त्यात भारतीय वंशाच्या कुटुंबांचा, मराठी कुटुंबांसह, वाटा मोठा आहे. या कुटुंबांनी महासाथीच्या दोन वर्षांत आपद्धर्माच्या दोन्ही बाजू अनुभवल्या. मेलबर्नमध्ये २०२० आणि २०२१ मिळून सहा टाळेबंद्या झाल्या आणि त्यांचे एकूण दिवस २६२ भरले. २०२० च्या ऑगस्टपासून काही आठवडे रात्रीची संचारबंदी होती, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जाता येत नव्हते आणि व्यायामासाठी दिवसाला एक तास मिळत होता. या नियमांमुळे माणसे वाचली याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि बहुसंख्य नागरिकांनी ते पाळले. तेव्हा दाराच्या आत असलेल्यांची ही बाजू झाली. दुसरी बाजू २०२१ च्या मे महिन्यात दिसली. भारतात दुसरी लाट टिपेला पोचली असताना ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य सरकारने २०१५ च्या जैवसुरक्षा कायद्याखाली असा आदेश काढला, की गेल्या चौदा दिवसांत भारतात राहिलेल्या कोणाही व्यक्तीने, मग ती ऑस्ट्रेलियाची नागरिक का असेना, देशात पाऊल ठेवल्यास तिला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकेल. ३ मे ते १५ मे असा बारा दिवस हा आदेश लागू होता. आजारी आईवडिलांना भेटायला किंवा त्यांचे अंत्यसंस्कार करायला गेलेल्यांसह सुमारे नऊ हजार ऑस्ट्रेलियन त्या वेळी भारतात अडकले होते. याच सरकारने वर्षभरापूर्वी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये साथ भडकलेली असताना तिथून परतणाऱ्या नागरिकांना गुन्हेगार ठरवले नव्हते, हा आक्षेप त्या वेळी ऑस्ट्रेलियातच जोरकसपणे घेतला गेला. दार आतून धरून बसलेला आणि दारापलीकडे अडकलेला एकाच घरातले असू शकतात, ही गोष्ट झॉम्बीपटाला पटकथेची युक्ती म्हणून वापरावी लागते. पॉइंट कुकच्या कित्येक घरांत ती दूरध्वनीच्या दोन टोकांना होती.

मेलबर्न शहराचे जगबुडीच्या कथांशी असलेले नाते याहून जुने आहे आणि त्यातला एक चित्रपट इथे मुद्दाम आठवावा लागतो, कारण तो या विषयाचा व्यत्यास आहे. नेव्हिल शूट यांच्या १९५७ सालच्या ‘ऑन द बीच’ या कादंबरीवर स्टॅन्ली क्रेमर यांनी १९५९ साली त्याच नावाचा चित्रपट केला आणि त्याचे चित्रण मेलबर्न आणि परिसरात झाले. अणुयुद्धाने उत्तर गोलार्ध निर्मनुष्य झाला आहे, किरणोत्सर्ग वाऱ्याबरोबर दक्षिणेकडे सरकतो आहे आणि मेलबर्नच्या लोकांच्या हाती काही महिने उरले आहेत, अशी ही कथा. तिच्यात लूटमार जवळपास नाही, शेजाऱ्याशी वैर नाही; लोक शर्यतीला जातात, बागेत रोपे लावतात आणि सरकारने वाटलेल्या मरणगोळ्यांसाठी शांतपणे रांग लावतात. समीक्षकांना हा संयम कधी अवास्तव, कधी इंग्रजी शिष्टाचाराचा अतिरेक वाटला आहे, परंतु त्यामागचे तर्कशास्त्र पक्के आहे: जिथे कोणीच वाचणार नाही तिथे वाचण्यावरून भांडण होऊ शकत नाही. संघर्ष मृत्यूमुळे होत नाही. काही जण वाचू शकतील आणि काही नाही, या शक्यतेमुळे होतो. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांनी राज्यसंस्थेविना मानवी जीवन म्हणजे सर्वांचे सर्वांशी युद्ध असे मांडले होते आणि झॉम्बीपटांना बहुधा त्यांचेच उदाहरण म्हणून पाहिले जाते. पण शूट यांची कथा शेजारी ठेवली की दिसते, हॉब्ज यांच्या युद्धालाही आशा लागते.

भारतीय परंपरेने या आशेचे नियमन कसे केले हे पाहण्यासाठी छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायातली उषस्ती चाक्रायणाची कथा महत्त्वाची आहे. कुरुदेशातली पिके नष्ट झाली, तेव्हा हा विद्वान ब्राह्मण पत्नीसह एका हत्तीवाल्यांच्या गावात दैन्यात राहत होता. भुकेने व्याकूळ होऊन त्याने उकडलेले कुळीथ किंवा तत्सम हलके धान्य खात असलेल्या एका माणसाकडे भिक्षा मागितली आणि त्याच्या ताटातले उष्टे धान्य खाल्ले. त्या माणसाने नंतर पाणी देऊ केले, तेव्हा मात्र उषस्तीने ते उष्टे म्हणून नाकारले. धान्यही उष्टेच होते की, असा रास्त प्रश्न समोरून आल्यावर त्याने दिलेले उत्तर असे, की धान्य खाल्ले नसते तर आपण जगलो नसतो, पाणी मात्र आपल्याला हवे तिथे मिळू शकते. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात कोणतेही अन्न घेण्याची मुभा केवळ प्राण जाण्याची वेळ आल्यासच आहे असे ठरवताना याच कथेचा आधार घेतला आहे. उषस्तीची थोरवी धान्य खाण्यात नाही आणि सोवळेपणातही नाही. संकटाने दिलेली मोकळीक पुढच्या घोटापर्यंत वाहत जाऊ न देता ती जिथे संपते तिथे त्याने स्वतःला थांबवले, आणि झॉम्बीपटातली माणसे जवळपास कधीच हे करत नाहीत: ज्या हातांनी त्यांनी निरुपायाने पहिला माणूस मारला, त्याच हातांनी ती सोयीखातर तिसरा मारतात.

शांतिपर्वातली विश्वामित्राची कथा अधिक खडबडीत आहे. बारा वर्षांचे अवर्षण पडलेले असताना विश्वामित्र रात्री एका चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याच्या मांसाची तंगडी चोरायला शिरतो, झोपडीचा मालक जागा असतो, आणि मग दोघांत दीर्घ वाद होतो. या वादात शास्त्राची बाजू चांडाळ मांडतो आणि ऋषी तिच्यातून पळवाटा शोधतो. जगलो तर धर्म करता येईल, हा ऋषीचा मुख्य मुद्दा आहे. टिळकांनीही ‘गीतारहस्या’त नीतिनियमांच्या अपवादांचा विचार करताना हा प्रसंग घेतला आहे. कथेत अखेर ऋषी मांस नेतो, शिजवतो, खाण्यापूर्वी देवांचे भाग काढतो आणि पाऊस पडतो. आपद्धर्माचे समर्थन म्हणून ही कथा शतकानुशतके सांगितली गेली, पण तिच्यातली एक बाब समर्थकांनी सहसा बाजूला ठेवली. ऋषीसाठी जी आपत्ती बारा वर्षांची आहे ती झोपडीच्या मालकासाठी कायमची आहे. एकाचा अपवाद हा दुसऱ्याचा रोजचा आहार आहे, आणि त्या आहारावरूनच एरवी त्याला गावाबाहेर ठेवले जाते.

हाच प्रश्न उषस्तीच्या पाण्यालाही लागू होतो, कारण पाणी हवे तिथे मिळते हे त्याचे विधान सर्वांच्या बाबतीत खरे नव्हते. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ साली केला होता, तरी त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांना घेता येत नव्हते, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ते प्यायले गेले तेव्हा जमावाने सत्याग्रहींवर हल्ला केला व पुढे सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळ्याची शुद्धी केली. ज्याचा नुसता स्पर्श दुसऱ्याचे स्वरूप बदलून टाकतो, ज्याच्याशी बोलता येते पण ज्याला आत घेता येत नाही, अशा माणसाची कल्पना करण्यासाठी महाराष्ट्राला हॉलिवूडची गरज कधीच नव्हती. झॉम्बीपट स्पर्शाच्या या भीतीला जीवशास्त्राचा पोशाख देतो, आणि तेथे ती भीती खरीच असल्यामुळे, म्हणजे चावा खरोखरच घातक असल्यामुळे, तिच्या आडून येणारी दुसरी, निराधार भीती ओळखणे प्रेक्षकाला जड जाते.

मराठीतील पहिल्या झॉम्बीपटाने पाण्याचाच धागा उचलला, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. अमेय वाघ यांनी साकारलेला मध्यमवर्गीय अभियंता आणि वैदेही परशुरामी यांनी साकारलेली त्याची गरोदर पत्नी डोंबिवलीतल्या नव्या उंच इमारतीत राहायला येतात, शेजारच्या झोपडवस्तीला पाण्यासाठी झगडावे लागते, तिचे नेतृत्व ललित प्रभाकर यांचा विश्वास करतो, आणि साथीचा संबंध पाण्याच्या धंद्यापर्यंत जाऊन पोचतो. ज्या गावात २०१४ साली हिरव्या पावसाच्या आणि २०२० साली कारखान्यांतल्या रसायनाने गुलाबी झालेल्या रस्त्याच्या बातम्या आल्या, तिथल्या प्रेक्षकाला दूषित पाण्यातून उठणारी प्रेते ही फार मोठी अतिशयोक्ती वाटण्याचे कारण नव्हते. चित्रपट विनोदाकडे झुकतो आणि कधीकधी आपल्याच मुद्द्यापासून पळतो. तरीही बाहेरून आलेल्या राक्षसाऐवजी पाण्याच्या वाटपातून राक्षस निर्माण करण्यात त्याने जो शहाणपणा दाखवला आहे, तो आदल्या दशकातल्या ‘गो गोवा गॉन’ (२०१३) या हिंदी चित्रपटात नाही. तिथे गोव्याच्या बेटावरच्या मेजवानीतला अमली पदार्थ हे कारण पुरेसे मानले गेले, आणि गोवेकर त्या गोव्यात जवळपास नाहीतच.

उंच इमारत आणि तिच्या दाराचा प्रश्न मेलबर्नमध्येही कथेपुरता राहिला नाही. ४ जुलै २०२० रोजी फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्न येथील सरकारी घरांच्या नऊ मनोऱ्यांची टाळेबंदी पत्रकार परिषदेत जाहीर झाली आणि त्याच क्षणापासून अमलात आली. सुमारे तीन हजार रहिवाशांना, ज्यांत पूर्व आफ्रिकेतून आणि अन्य संघर्षग्रस्त देशांतून आलेली निर्वासित कुटुंबे मोठ्या संख्येने होती, औषध किंवा अन्न आणायलाही वेळ मिळाला नाही, आणि दारांवर पोलीस उभे राहिले. आठ मनोरे पाच दिवसांनी मोकळे झाले, नवव्याला चौदा दिवस लागले. व्हिक्टोरिया राज्याच्या लोकायुक्तांनी डिसेंबर २०२० च्या अहवालात मान्य केले की साथ रोखण्यासाठी काही निर्बंध आवश्यक होते, परंतु पूर्वसूचनेविना तत्काळ केलेली कोंडी राज्याच्या मानवाधिकार सनदेशी विसंगत होती असा निष्कर्षही काढला आणि सरकारने रहिवाशांची माफी मागावी अशी शिफारस केली. सरकारने माफी मागितली नाही. धान्य आणि पाणी यांत उषस्तीने जो फरक केला होता, नेमका तोच लोकायुक्तांनी केला: साथ रोखणे हे धान्य होते, सूचना न देणे हे पाणी. पॉइंट कुकच्या स्वतंत्र घरांत त्याच आठवड्यात लागू असलेल्या नियमांत घराच्या दाराशी पोलीस नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे, कारण दाराच्या आत असण्यालाही पायऱ्या असतात आणि स्थलांतरितांमध्येही त्या एकसारख्या नसतात.

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. एन्रिको क्वारँटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ओहायो राज्य विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र स्थापन केले आणि पुढील काही दशके भूकंप, पूर, वादळे यांच्या जागी जाऊन माणसे प्रत्यक्षात कशी वागतात हे तपासले. त्यांना आढळले की घबराटीने एकमेकांना तुडवणे आणि सर्रास लूट या गोष्टी चित्रपटांत दिसतात तितक्या सामान्य नाहीत. शेजारीच सर्वप्रथम ढिगारे उपसतात, आणि अनोळखी माणसे एकमेकांना अन्न देतात. मग झॉम्बीपटाचे मानवस्वभावाविषयीचे मत खोटेच ठरते काय? भूकंपापुरते ते खोटे आहे. परंतु भूकंपात शेजारी हा धोका नसतो, साथीत तो असू शकतो, आणि झॉम्बीपट हा भूकंपाचा नसून साथीचा चित्रपट आहे. साथीतही बहुतेक माणसे नीटच वागतात हे मेलबर्नच्या २६२ दिवसांत दिसले. ज्यांचे वागणे तपासले पाहिजे ते दारांवर अधिकार असलेले. पुण्यात १८९७ च्या प्लेगात हेच दिसले होते. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला अमलात आलेल्या साथरोग कायद्याच्या बळावर सैनिक घराघरांत शिरले, रुग्ण आणि संशयित वेगवेगळ्या छावण्यांत नेले गेले, सामान जाळले गेले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगने जितका द्वेष निर्माण केला नव्हता तितका प्लेगच्या बंदोबस्ताने केला.

याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सुरू केलेल्या दवाखान्यात त्या रुग्ण आणत होत्या, आणि मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी तेथे आणले असे त्यांची चरित्रे सांगतात. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना प्लेग झाला. दोन प्रकारच्या अस्पृश्यतांना, जातीच्या आणि रोगाच्या, एकाच वेळी स्पर्श करणारी ही कृती आपद्धर्माच्या कोणत्याही प्रकरणात बसत नाही, कारण ते सारे शास्त्र स्वतःचे प्राण राखताना काय क्षम्य आहे एवढेच विचारते. दुसऱ्यासाठी स्वतःला संकटात घालणाऱ्याला सवलतीची गरज नसल्यामुळे त्याच्याविषयी ते शास्त्र जवळजवळ मुके आहे.

बेन हाउलिंग आणि योलांडा रॅमकी यांचा ‘कार्गो’ (२०१७) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट या मुकेपणाच्या सर्वांत जवळ जातो. मार्टिन फ्रीमन यांनी साकारलेल्या अँडीला चावा होतो, त्याच्या हाती ४८ तास उरतात आणि पाठीवर तान्ही मुलगी असते. तिला सुरक्षित हाती सोपवण्यासाठी तो दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातून चालत राहतो. वाटेत व्हिक नावाचा माणूस मूलनिवासींना पिंजऱ्यात कोंडून झॉम्बींसाठी आमिष म्हणून वापरताना दिसतो, आणि सवलतीचा संसर्ग किती दूर जाऊ शकतो याचे याहून नेमके चित्र या प्रकारात क्वचितच असेल. मूलनिवासी मात्र या कथेत सर्वांत आधी सावरलेले असतात, जणू जगबुडीचा अनुभव त्यांना नवा नाही. १७८८ साली ब्रिटिश वसाहत सुरू झाल्यानंतर आलेल्या देवीच्या साथी, बंदुका आणि जमिनीवरचा ताबा लक्षात घेता हे पुरते खरेही आहे. शेवटच्या तासांत अँडी स्वतःच्या दातांवर अडकण घालतो, हात बांधून घेतो आणि तूमी नावाच्या मूलनिवासी मुलीला, आपण प्रेत झाल्यावरही आपल्याला ओझ्याच्या जनावरासारखे पुढे हाकता यावे, म्हणून काठीच्या टोकाला मांस बांधून देतो. स्वतः धोका होण्यापूर्वी स्वतःला निरुपद्रवी करण्याचे हे कर्तव्य मनूने लिहिलेले नाही आणि रोमेरोच्या शेतघरातही कोणाला सुचले नव्हते.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आपद्धर्माची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत विश्वामित्राच्या आधी अजीगर्ताचे नाव येते. हा भुकेलेला ब्राह्मण स्वतःच्या मुलाला मारायला सरसावला, पण भूक भागवण्यासाठी सरसावल्यामुळे त्याला पाप लागले नाही, असा मनूचा निर्वाळा आहे. ऐतरेय ब्राह्मणात याच प्रसंगाची जी जुनी हकीकत आहे तिच्यात अजीगर्ताला तीन मुलगे असतात; थोरला बापाला द्यायचा नसतो, धाकटा आईला द्यायचा नसतो, म्हणून मधला शुनःशेप यज्ञात बळी देण्यासाठी शंभर गाईंना विकला जातो. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कोणी पुढे येत नाही, तेव्हा बाप आणखी शंभर गाई घेऊन त्याला बांधतो, आणि मारायला कोणी धजत नाही तेव्हा आणखी शंभर घेऊन सुरीला धार लावतो. पहिले शतक भुकेचे मानले तरी दुसरे आणि तिसरे कशाचे, हा हिशेब मनू मांडत नाही, शुनःशेप मांडतो. देवांच्या स्तुतीने सुटका झाल्यावर बाप त्याला परत बोलावतो, केलेल्या कर्माचा पश्चात्ताप झाल्याचे सांगतो आणि गाईही देऊ करतो, पण ज्याच्या हातात सुरी पाहिली त्याच्याकडे परतायला मुलगा नकार देतो आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. कुत्र्याची तंगडी चोरणाऱ्या त्याच विश्वामित्राने त्याला पुत्र मानले आणि आपल्या मुलांमध्ये ज्येष्ठ ठरवले. त्याच्या पन्नास थोरल्या मुलांनी हे मान्य केले नाही, म्हणून त्याने त्यांना शाप दिला, आणि ब्राह्मणग्रंथाच्या सांगण्यानुसार त्यांचे वंशज आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद या नावांनी सीमेपलीकडचे, दस्यूंमधले लोक झाले.